उपवासानं नाही, पारण्यानं पडले



दशलक्षण पर्व जवळ आलं की मला दरवर्षी एक प्रश्न येतोच. "यंदा तुम्ही उपवास धरणार का हो?" यंदाही तिघी-चौघींनी विचारलं. दोघींनी तर स्वतःचंच दुखणं सांगितलं, "जेवल्यावर दोन-तीन तासांनी हातपाय थरथरतात, पोटही ठीक नसतं, सासरी सांगायची लाज वाटते." त्या दोघींसाठी आणि अशा आणखी कितीतरी जणींसाठी हा लेख. उत्तर जरा लांबचं आहे. ते शोधताना मी आपल्या सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरात शंभर वर्षं मागे जाऊन आले.

आधी माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी दशलक्षणातले शेवटचे पाच उपवास केले. अनंत चतुर्दशीपर्यंत फक्त उकळलेलं पाणी. थोडं डोकं दुखलं, अशक्तपणा वाटला, पण मन शांत होतं. पूजा, स्वाध्याय, प्रतिक्रमण सगळं झालं. पौर्णिमेला सकाळी पारणं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, तपस्या केलेल्या बाईला प्रत्येकीनं आपल्या हातानं एक घास, एक चमचा भरवायचा. त्या दिवशी वीस-बावीस जणी आल्या होत्या. कुणी साखरेचं पाणी, कुणी केशरी दूध, कुणी शिरा, कुणी केळं, कुणी लाडवाचा तुकडा. नाही कुणाला म्हणायचं? सगळ्या प्रेमानं आलेल्या.

साडेआठला पारणं झालं. अकराच्या सुमाराला मी मोरीपाशी भांडी विसळत होते आणि हात थरथरायला लागले. दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मी तिथंच बसले आणि कलंडले. शेजारच्या काकांना मधुमेह आहे, त्यांचं साखर मोजायचं मशीन आणलं. आकडा ५२. साखरेचं पाणी पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मी ताळ्यावर आले.

सासूबाई माझ्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "अगं, पाच दिवस निभावलंस आणि आज काय झालं?" बाकीच्या मात्र एकच म्हणाल्या, "उपवास झेपले नाहीत हिला." मलाही तसंच वाटलं. आपल्या भागात आचार्य शांतिसागर महाराजांचं नाव घेत आपण मोठ्या झालो. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली, त्या आठवणी माझी आजी डोळ्यांत पाणी आणून सांगायची. अशा परंपरेतली मी, आणि पाच उपवासांनी मोरीत पडले. ही बोच मी वर्षभर कुणाला बोलून दाखवली नाही.

डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारला. "हे कधी झालं? पोट रिकामं असताना की खाल्ल्यावर?" मी म्हटलं, खाल्ल्यावर, अडीच तासांनी. "मग उपवासाला कशाला दोष देताय?" पुढं त्यांनी नेहमीसारखं जेवण देऊन दर थोड्या वेळानं साखर तपासली आणि नाव सांगितलं, रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया. म्हणजे खाल्ल्यानंतर साखर झपाट्यानं वर जाते, तिला आवरायला शरीर इन्सुलिन सोडतं, ते गरजेपेक्षा जास्त किंवा उशिरापर्यंत राहतं आणि दोन ते चार तासांनी साखर पायाखालची फळी निसटावी तशी खाली येते. शिवाय माझ्या पोटाच्या तक्रारी जुन्याच, गॅस, फुगणं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. त्यामुळे "डाळी वाढवा, तंतू वाढवा" हा सरळ सल्ला माझ्या पोटाला सरळ पचणारा नव्हता.

आता इतिहास. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात मधुमेहाच्या रोग्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. डोस जास्त झाला की रोगी थरथरायचे, घामाघूम व्हायचे, भूक भूक करायचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले डॉक्टर सील हॅरिस यांच्या लक्षात आलं की ज्यांनी आयुष्यात कधी इन्सुलिन घेतलेलं नाही अशा काही माणसांनाही हाच त्रास होतो. म्हणजे त्यांचं शरीरच जास्त इन्सुलिन सोडत असणार. १९२४ मध्ये त्यांनी हे छापून आणलं. त्यांचा उपायही औषधाचा नव्हता. साखर कमी करा आणि थोडं थोडं, वेळेवर खा, एवढाच होता.

१९२४ हे साल वाचल्यावर मी थबकले, कारण ते माझ्या माहेरच्या, साताऱ्याच्या आठवणीतलं साल आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. कर्मवीर आपल्या कुंभोजच्या जैन घरातले. पण त्या वसतिगृहाची चूल पेटती ठेवली ती लक्ष्मीबाईंनी. सोवळं-ओवळं कडक असलेल्या वळणात वाढलेली ती बाई, सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवून जेवू घालायला लागली. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. माझी आजी त्यांचं नाव घेताना नेहमी हात जोडायची.

लक्ष्मीबाईंच्या काळात सातारा-सांगलीच्या साध्या घरात रोज काय शिजायचं? भाकरी. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात ज्वारी आणि बाजरी, मावळतीच्या डोंगरात नाचणी आणि भात. सोबत आमटी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. गहू सणाला, गोड तर त्याहून क्वचित. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होती, पिठाची मर्यादा. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, त्यापुढचं पीठ चालायचं नाही. म्हणून जात्यावर थोडं थोडं, ताजं आणि भरडसर दळण. ते जीवदयेसाठी होतं, साखरेसाठी नव्हे. पण भरड दाणा पोटात सावकाश फुटतो आणि सावकाश रक्तात उतरतो, हा फायदा आपोआप मिळत होता. ज्वारी काही जादूचं धान्य नाही, तिच्यातही पिष्ट आहेच. फरक भरडपणाचा, प्रमाणाचा आणि सोबत काय खाल्लं त्याचा आहे.

मग आपल्याकडं गोड आलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तिथं लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही बनू लागले. सांगलीच्या पेठेत हळदीबरोबर गुळाच्या ढेपांचे ढीग लागत. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच दशकात वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानं सांगलीचा. मग कराडच्या बाजूला रेठऱ्याचा कृष्णा, आणि नंतर कृष्णाकाठ उसानं भरून गेला. या उसानं आपल्या कितीतरी घरांना पक्की घरं दिली, मुलींना कॉलेजात पाठवलं. माझ्या सासरचंही त्यावरच चाललं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सणाची साखर रोजची झाली हेही खरं. दिवसातून चार चहा, पाहुणा आला की पेढा, माहेरून येताना कंदी पेढ्याचा पुडा, परीक्षेला जाताना चमचाभर साखर.

१९७२चा दुष्काळ आला आणि भाकरीही बदलली. ज्वारीच पिकली नाही. रेशनवर परदेशातली लाल मिलो आली, ती खाताना घास घशात अडकायचा असं आई सांगते. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. हळूहळू रेशनचा गहू घराघरांत स्थिरावला आणि चपाती मानाची झाली, भाकरी गरिबाची. आमच्या घरी पाहुण्यांपुढे भाकरी वाढायची आईला लाज वाटायची.

तिकडे वैद्यकशास्त्र काय शिकत होतं? १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी दाखवलं की अशा रोग्यांना पिष्ट आणि साखर कमी करून प्रथिनं जास्त दिली तर घसरण आटोक्यात राहते. १९३८ मध्ये ॲलन व्हिपल या शस्त्रवैद्यांनी ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या. त्रास होणं, त्याच वेळी साखर कमी सापडणं आणि साखर दिल्यावर त्रास थांबणं. या तिन्ही हव्यात. पुढं अमेरिकेत उलटंच झालं. थकवा आला, चिडचिड झाली की लोक स्वतःच "मला साखर कमी होते" म्हणायला लागले. शेवटी १९७३ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनांना जाहीर सांगावं लागलं की हा आजार वाटतो तेवढा सर्रास नाही. म्हणून मैत्रिणींनो, नुसत्या थरथरीवरून ठरवू नका. ॲनिमिया, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, मनावरचा ताण यांतही असंच होतं. त्रास होत असतानाचा आकडा बघा.

पोटाचं आणि साखरेचं नातं मला माझ्या आजोबांमुळे कळलं. आजोबा खटाव तालुक्यातले. तरुणपणी अल्सर झाला म्हणून त्यांच्या जठराचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, अल्सरला ऑपरेशनच करत. त्यानंतर ते गोड जेवले की घामाघूम होऊन आडवे व्हायचे. सगळे म्हणायचे, "दृष्ट लागली." त्या त्रासाला १९२२ पासून डॉक्टरांत "डम्पिंग" हे नाव होतं. जठरातलं अन्न एकदम आतड्यात ओतलं जातं. लगेच पोट भरून येतं, धडधडतं आणि काहींना एक-दोन तासांनी साखरही घसरते. आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं. अर्धी भाकरी, दाट आमटी, जेवताना पाणी नाही, पाणी तासाभरानं. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की पानावर हात आडवा.

आजोबांच्या या शहाणपणाला १९७०च्या दशकात शास्त्राचा दुजोरा मिळाला. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की जेवणात चिकट तंतू मिसळले तर साखर हळू चढते. १९७७ मध्ये त्यांनी जठराचं ऑपरेशन झालेल्या रोग्यांना फळांतलं पेक्टिन दिलं, तर जेवणानंतरची घसरण टळली. त्यांनी वापरलेला दुसरा तंतू कुठला, ठाऊक आहे? गवारीच्या बियांचा. आपल्या परसातली गवार! १९८१ मध्ये टोरांटोतूनच त्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, म्हणजे कुठला पदार्थ साखर किती वेगानं चढवतो याची मोजपट्टी. त्याच सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीदाण्यावर काम झालं आणि मेथीतल्या तंतूनंही चढ मंदावतो हे दिसलं.

आता माझं पोट. मेथी, गवार, डाळ सगळं एकदम वाढवलं तर पहिल्या आठवड्यात माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. माझ्या माहेरच्या बाजूच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मला जीव की प्राण, पण दोन चमच्यांच्या वर गेला की रात्रभर झोप नाही. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी मला २००५ पासून ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात पुढं आलेल्या विचाराबद्दल सांगितलं. काही साखरी आणि तंतू आतड्यात नीट शोषले जात नाहीत, तिथं आंबतात, म्हणून पोट फुगतं. त्या यादीत सगळ्यात वर काय, तर कांदा आणि लसूण! बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही अर्धी लढाई आधीच जिंकलाय." त्याच यादीत गहू, अख्खी कडधान्यं आणि काहींना दूधही आहे. ज्वारी मात्र पोटाला हलकी. जी भाकरी आईनं लाजेनं बाजूला सारली होती, ती मी पुन्हा ताटात आणली.

आज माझं ताट असं असतं. तुमचं पोट वेगळं असेल, म्हणून नक्कल करू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा.

सकाळी ज्वारीची उकड किंवा मुगाच्या सालीविना डाळीचं धिरडं, सोबत भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी. चहा बिनसाखरेचा आणि कधीच रिकाम्या पोटी नाही. साडेदहा-अकराला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा पनीरचे चार तुकडे. दुपारी एक भाकरी, भरपूर दुधी, दोडका किंवा पडवळ, आणि भिजवून, पाणी टाकून, मऊ शिजवलेली मूगडाळ. आधी भाजी-डाळ, मग भाकरी. भात दोन घास, शेवटी. आपण द्विदल पाळतो, त्यामुळे ताक डाळीसोबत नाही. ते तिसऱ्या प्रहरी वेगळं, जिरं घालून, राजगिऱ्याच्या लाहीबरोबर. सूर्यास्ताच्या आत शेवटचं जेवण, त्यात थोडी भाकरी, भाजी आणि पनीर किंवा डाळ यांपैकी एक. गवार आठवड्यातून दोनदा, पण कोवळी. मेथीदाणा अर्धा चमचा भिजवून, त्याहून जास्त पोटाला मानवत नाही. फळ घेतलं तर एकटं नाही, शेंगदाण्यासोबत. आणि प्रत्येक नवी गोष्ट एका वेळी एकच, आठ दिवस बघून मग दुसरी.

त्रास झालाच आणि आकडाही कमी आला, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि बरं वाटल्यावर शेंगदाण्यासारखं काही खावं. नुसतं गोड खाऊन थांबलं तर तेच चक्र पुन्हा फिरतं. आणि एक महत्त्वाचं. साखर रिकाम्या पोटी, पहाटे किंवा उपवासात घसरत असेल, शुद्ध हरपत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर हा घरी सांभाळायचा प्रकार नाही. त्याची कारणं वेगळी असतात, लगेच डॉक्टरांकडे जावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना तर विचारल्याशिवाय उपवास करूच नये.

राहिला व्रताचा प्रश्न. डॉक्टरांनी मला लांब उपवास आणि एकाशन दोन्ही बंद सांगितले, कारण एकाशनात सगळं एकाच वेळी पोटात जातं. त्या वर्षी मला फार रडू आलं. सासूबाईंनीच मला आर्यिका माताजींच्या दर्शनाला नेलं. मी सगळं सांगितलं. माताजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाह्य तपं किती?" मी म्हटलं, सहा. "मोज." मी मोजली. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्त शय्यासन, कायक्लेश. माताजी म्हणाल्या, "मग पहिल्यावरच का अडून बसलीस?"

मैत्रिणींनो, हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण कधी कळलं नव्हतं. अनशन हे सहांतलं एक. दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं, दोन घास राखून उठणं. चौथं रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतल्या रसाचा त्याग. डॉक्टर जे सांगत होते तेच इथं व्रत म्हणून उभं होतं. षोडशकारण भावनांतही त्याग आणि तप यांच्या आधी "शक्तितः" हा शब्द आहेच, आपल्या शक्तीप्रमाणे.

तेव्हापासून दशलक्षणात मी दहा दिवस गोड रसाचा पूर्ण त्याग करते, चार वेळा थोडं खाते आणि प्रत्येक वेळी दोन घास राखते. नियम घेताना आजारपणाच्या औषधाची सूट ठेवते. बाकीचा वेळ स्वाध्यायाला. खरं सांगू? पाच उपवासांपेक्षा हे कठीण जातं. ताटात बसून, समोर शिरा असताना, बिनगोडाचं उठायचं.

अक्षय्य तृतीयेला आपण आदिनाथ भगवंतांचं पारणं आठवतो. वर्षाहून जास्त काळ आहार मिळाला नव्हता आणि हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं इक्षुरस दिला. त्या इक्षुरसाचं पुण्य आपल्याला मोठं वाटतं, म्हणून पारणं म्हटलं की गोड, हे आपल्या मनात बसलंय. पण त्या कथेत श्रेयांसाचं नाव राहिलं ते त्याला आहार देण्याचा विधी आठवला म्हणून, घेणाऱ्याला काय आणि कसं द्यावं हे कळलं म्हणून. आपण पारणं करवतो तेव्हा तेवढंच बघू या.

आमच्या गल्लीत आता पद्धत बदलली आहे, आणि ती बदलली सासूबाईंनी. गेल्या वर्षी शेजारच्या सुनेचे आठ उपवास झाले. आधी तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. पारण्याला बायका शिरा, केशरी दूध घेऊन आल्या. सासूबाईंनी सगळ्यांच्या वाट्या कट्ट्यावर एका बाजूला ठेवल्या, मुगाच्या कोमट पाण्याचं पातेलं पुढं केलं आणि म्हणाल्या, "भरवायचं ना प्रत्येकीला? यातलं भरवा, एकेक चमचा. गोड तिला नंतर, जेवणासोबत, थोडंसं." कुणाचं मन मोडलं नाही आणि ती पोर अकरा वाजता हसत खेळत होती.

तर उत्तर असं, यंदाही मी उपवास धरणार नाही, पण तप करणार आहे. तुमच्यापैकी जिला जेवणानंतर थरथर होते तिनं आधी तपासून घ्या आणि सासूबाईंना सांगा. आणि कुणाचं पारणं करवायला जाल तेव्हा मुगाचं पाणी घेऊन जा. लेखात काही कमी-जास्त बोलले असेन तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.